वर्तनविश्लेषक व्हायचंय? आधी बघायला शिका

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी एक कोरा कागद देते. त्यावर तीन रकाने आखायचे: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मग खेळाच्या खोलीत एका कोपऱ्यात बसायचं आणि वीस मिनिटं लिहायचं. बोलायचं नाही, मदतीला धावायचं नाही. मानसशास्त्रात एम. ए. केलेल्या हुशार मुलीही पहिल्या कागदाच्या मधल्या रकान्यात लिहितात, ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘लक्ष नव्हतं’. ते शब्द मी खोडते आणि विचारते, चिडला म्हणजे काय केलं? ओरडला? किती वेळ? कुणाकडे बघून? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागदावर ‘ताट दोन्ही हातांनी ढकललं, ताट खाली पडलं, तो दाराकडे धावला’ असं उतरायला लागतं. तिथून शिकणं सुरू होतं.

वर्तनविश्लेषणात येऊ पाहणाऱ्यांचे मला बरेच फोन येतात. कुणी नुकतीच पदवी घेतलेली असते, कुणी विशेष शाळेत दहा वर्षं शिकवलेलं असतं, काही आया असतात, ज्यांना स्वतःच्या मुलासाठी शिकता शिकता याच कामात यावंसं वाटतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता कोर्स करू?’ त्याचं उत्तर पुढे देतेच. पण कोर्स निवडण्याआधी हे शास्त्र नेमकं काय मागतं, ते कळायला हवं.

बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये ‘द बिहेवियर ऑफ ऑरगॅनिझम्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला विचार सोपा होता आणि आजही सोपा आहे: कोणतंही वागणं पुढे टिकेल की विरेल, हे त्या वागण्यानंतर काय घडतं यावर बरंचसं अवलंबून असतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे ‘साधक अभिसंधान’ या नावाखाली येतं आणि परीक्षेपुरतं पाठ होतं. प्रयोगशाळेतल्या उंदरा-कबुतरांवरच्या अभ्यासासाठी १९५८ मध्ये एक स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं. माणसांच्या रोजच्या अडचणींवरच्या कामासाठी १९६८ मध्ये दुसरं निघालं, ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस’. त्याच्या पहिल्याच अंकात बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांचा सात पानांचा लेख आहे. उपयोजित वर्तनविश्लेषण कशाला म्हणायचं, याचे सात निकष त्यात सांगितले आहेत. काम माणसाच्या खऱ्या गरजेचं असावं, वागणं मोजता यावं, बदल आपल्यामुळेच झाला हे दाखवता यावं, दुसऱ्याला तसंच करता येईल इतकं स्पष्ट लिहिलेलं असावं, तत्त्वांशी जोडलेलं असावं, फरक जाणवण्याइतका असावा आणि तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांसोबतही टिकावा. या क्षेत्रात येणाऱ्याने एकच गोष्ट वाचायची असेल तर हा लेख वाचावा. इंटरनेटवर तो फुकट मिळतो.

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सहा वर्षांचा मुलगा, स्वमग्न, बोलत नव्हता. दिवसातून अनेकदा डोकं जमिनीवर आपटायचा. आई म्हणाली, “मॅडम, काही कारण नसतं हो, असाच आपटतो.” आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. कान दुखणं, दात दुखणं, आकडी यांपैकी काही असेल तर वर्तनाचा विचार नंतर. तसं काही निघालं नाही. मग आई आणि आजी दोघींना तीन रकान्यांचा कागद दिला. पाच दिवसांत एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा वेळा पहिल्या रकान्यात आई फोनवर होती, पोळ्या लाटत होती किंवा धाकटीला भरवत होती. आणि तिसऱ्या रकान्यात चौदाही वेळा एकच गोष्ट होती: आई धावत आली, मांडीवर घेतलं, डोकं चोळलं. आजीने तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा तुला हाक मारतोय.”

आजीने जे ओळखलं, ते या शास्त्रात ‘वर्तनाचं कार्य’ म्हणून शिकवतात. १९८२ मध्ये इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी ते तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच मुलं वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून बघायची: कधी वर्तनानंतर लक्ष मिळतं, कधी नको असलेलं काम टळतं, कधी मूल एकटंच असतं. एकसारखं दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकून असतं, हे त्यातून स्पष्ट झालं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं: जे वागणं मुलासाठी बोलण्याचं काम करतंय, त्याच्या जागी तेच काम करणारी सोपी खूण शिकवा.

आम्ही त्या मुलाला आईच्या हातावर थाप मारायला शिकवलं. थाप मिळाली की आईने लगेच वळायचं, पिठाचे हात असले तरी. डोकं आपटायला लागला तर न बोलता, शांतपणे खाली उशी सरकवायची. तिसऱ्या दिवशी डोकं आपटण्याचे आकडे वाढले. घरातले घाबरले. असं होऊ शकतं हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी काम सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून आलेखाची रेघ उतरायला लागली. मग ‘थांब, एवढी पोळी टाकते’ हे शिकवलं, आधी पाच सेकंद, मग दहा, मग एक पोळी भाजून होईपर्यंत. हे सगळं सहा आठवड्यांचं काम होतं, आणि त्यातला सर्वात मोलाचा भाग पहिल्या पाच दिवसांचा होता, जेव्हा कुणी काहीच उपाय करत नव्हतं.

शिकताना आणखी एक गल्लत नेहमी होते. प्रबलन म्हणजे बक्षीस, असं बहुतेकांना वाटतं. वर्तनानंतर दिलेल्या गोष्टीमुळे ते वर्तन पुढे वाढलं, तरच ते प्रबलन. टाळ्या वाजवून ‘शाब्बास!’ म्हणणं हे आवाजाने दचकणाऱ्या मुलासाठी शिक्षाच असू शकतं. चॉकलेट दिलं म्हणून प्रबलन झालं, असं होत नाही. आलेख वर गेला का, ते बघायचं.

आता कोर्सचं. ‘वर्तनविश्लेषक’ होण्याचा एकच ठरलेला सरकारी रस्ता भारतात अजून तयार झालेला नाही, हे आधी मनाशी पक्कं धरा. जाहिराती वेगळं सांगतात. जगात सर्वात जास्त नाव घेतलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे अमेरिकेतल्या बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाचं बीसीबीए. हे मंडळ १९९८ मध्ये स्थापन झालं. पदव्युत्तर पदवी, ठरलेला अभ्यासक्रम, देखरेखीखाली साधारण २,००० तासांचं प्रत्यक्ष काम आणि परीक्षा, असा तो मार्ग आहे. पण १ जानेवारी २०२३ पासून मंडळाने हे प्रमाणपत्र मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांपुरतं मर्यादित केलं. भारतात राहून नव्याने बीसीबीए होता येत नाही. तरीही ‘बीसीबीए व्हा’ असं सांगून फी घेणारे वर्ग आजही दिसतात. पैसे भरण्याआधी मंडळाची नियमपुस्तिका स्वतः वाचा. तिचे नियम दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका.

भारतातून देता येतील अशा परीक्षा इंटरनॅशनल बिहेवियर ॲनालिसिस ऑर्गनायझेशन आणि क्यूएबीए या संस्था घेतात. दोन्हींकडे थेरपिस्टसाठी वेगळी आणि वरच्या जबाबदारीसाठी वेगळी पातळी आहे. या ऐच्छिक संस्था आहेत. त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे सरकारी परवाना नव्हे, पण चांगल्या सुपरव्हिजनसह केलं तर शिक्षण म्हणून त्याला मोल आहे.

कायद्याची बाजू मात्र नीट समजून घ्या. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने करते. विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ हे त्या यादीत आहेत, वर्तनविश्लेषक नाहीत. नोंदणी नसताना या व्यवसायांचं काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यात स्वमग्नताही आहे. म्हणून स्वमग्न मुलांसोबत आयुष्यभर काम करायचं असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: आधी आरसीआयमान्य पात्रता घ्या, विशेष शिक्षणातला डी.एड. किंवा बी.एड. किंवा चिकित्सा मानसशास्त्र, आणि त्यावर वर्तनविश्लेषणाचं शिक्षण चढवा. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर उभं राहिलेलं करिअर एखाद्या तक्रारीने कोसळतं.

अलीकडचा एक बदल आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तनात्मक आरोग्य या गटाखाली ‘बिहेवियरल ॲनालिस्ट’ हे नाव आलं आहे. देशाच्या कायद्याने या व्यवसायाचं नाव घेतलं, ही मोठी गोष्ट आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. आयोगाच्या आणि आपल्या राज्याच्या परिषदेच्या सूचनांवर लक्ष ठेवा. आपलं गुणपत्रक, इंटर्नशिपचे तास, सुपरव्हायझरच्या सह्या हे सगळं आजपासून एका फाइलीत जपून ठेवा. पुढे नोंदणी सुरू झाली की तीच फाइल लागेल.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी मैत्रिणींसाठी थोडं वेगळं. तिथे आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, ही पहिली पायरी आहे. चाळीस तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी आणि परीक्षा. आधी तुमच्या व्हिसावर काम करता येतं का ते बघा, आणि तुमच्या राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो का, तेही.

हे चाळीस तास भारतातही जाहिरातींत झळकतात. चाळीस तासांचं प्रशिक्षण हे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करण्यापुरतं आहे. त्यावर मुलाचा कार्यक्रम आखता येत नाही, पालकांना सल्ला देता येत नाही. चाळीस तासांनंतर कुणी तुम्हाला पाच मुलं सोपवून निघून जात असेल, तर ती नोकरी घेऊ नका.

यावरून मी सर्वात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे सुपरव्हायझर. कोर्स मध्यम असला आणि सुपरव्हायझर चांगला असला तर माणूस तयार होतो. उलट झालं तर होत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. चांगला सुपरव्हायझर ओळखायचा कसा? तो तुम्हाला मुलासोबत काम करताना बघतो का, की महिन्यातून एकदा कॅफेत बसून ‘कसं चाललंय’ विचारतो? दर आठवड्याला आलेख मागतो का? त्याने शेवटचा कोणता कार्यक्रम बंद केला आणि का, हे विचारा. ज्याला एकही बंद केलेला कार्यक्रम आठवत नाही, तो आकडे बघत नाही.

कौशल्य शिकवण्याचीही या क्षेत्राची स्वतःची, अभ्यासाने पारखलेली रीत आहे. आधी काय करायचं ते लिहून आणि बोलून सांगायचं. मग करून दाखवायचं. मग शिकणाऱ्याकडून करवून घ्यायचं, आधी आपसांत, मग मुलासोबत. आणि लगेच, नेमक्या शब्दांत सांगायचं: “तू सूचना दिलीस आणि दोन सेकंदांत पुन्हा दिलीस. त्याला पाच सेकंद हवे होते.” हे ठरलेल्या पातळीपर्यंत जमलं की पुढे जायचं. पॉवरपॉइंटवर संपणाऱ्या कार्यशाळेत यातला पहिलाच भाग असतो, म्हणून तिथून परतलेल्या शिक्षिकेच्या वर्गात काही बदलत नाही. प्रशिक्षण निवडताना एवढंच विचारा: माझं काम कोण बघणार आहे, आणि किती वेळा?

संशोधनाबद्दल बोलते, कारण इथे आपले विद्यार्थी सर्वात जास्त अडखळतात. एम. ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी. करणारी मुलगी गाइडसमोर जाते आणि सांगते, मी तीन मुलांसोबत काम करणार आहे. गाइड म्हणतात, “तीन? नमुना किमान साठचा हवा.” ती रडवेली होऊन परत येते आणि प्रश्नावली वाटायला लागते.

वर्तनविश्लेषणात मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करत नाहीत, त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी करतात. मरे सिडमन यांचं १९६० चं ‘टॅक्टिक्स ऑफ सायंटिफिक रिसर्च’ हे पुस्तक याच विचारावर उभं आहे. गाइडना समजवायचं असेल तर असं उदाहरण द्या. एका मुलीला तीन गोष्टी शिकवायच्या आहेत: डबा उघडणं, हात धुणं, चप्पल घालणं. तिन्हींची आधीची पातळी, म्हणजे बेसलाइन, एकाच वेळी मोजायला सुरुवात करायची. पहिल्या आठवड्यानंतर फक्त डब्याचं शिकवणं सुरू करायचं, बाकी दोन नुसती मोजायची. डब्याची रेघ वर गेली आणि बाकी दोन जागच्या जागी राहिल्या, तर हात धुण्याचं शिकवणं सुरू करायचं. मग चपलेचं. प्रत्येक रेघ शिकवणं सुरू झाल्यावरच, आपापल्या वेळी, वर गेली, तर तो बदल वयाने, शाळेने किंवा योगायोगाने झाला असं म्हणणं कठीण होतं. एकच मुलगी, पण पुरावा तीनदा मिळाला. हेच आणखी दोन मुलांसोबत करून दाखवलं तर प्रबंध भक्कम होतो.

मोजमापावर विश्वास बसावा म्हणून दुसरा निरीक्षक लागतो. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांच्या कागदात न डोकावता मोजायचं. जिथे जुळलं त्या नोंदी भागिले एकूण नोंदी, गुणिले शंभर. साधारण ८० टक्क्यांच्या वर जुळणी अपेक्षित असते, आणि किमान वीस ते तीस टक्के सेशनमध्ये ती तपासलेली असावी. ती कमी आली तर निरीक्षकांना दोष देण्याआधी आपली व्याख्या तपासा. ‘खेळणं’ असं लिहिलंत तर दोघांचं कधीच जुळणार नाही. ‘खेळण्याला हात लावून दोन सेकंदांहून जास्त वेळ त्याच्याकडे बघणं’ असं लिहा.

परवानगीचं काम शेवटी ठेवू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा. पालकांची लेखी संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजेनुसार विचारून त्याचा होकारही घ्यावा लागतो. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिली नोंद घेण्याआधी हवी.

एक दिलासाही देते. प्रयोग बिघडला तर आलेख फेकू नका. उंदराला दाणा देणारं यंत्र अडकलं, स्किनर तेव्हा जागेवर नव्हते, आणि परत येऊन पाहिलं तर दाणे बंद झाल्यावर कळ दाबणं कसं हळूहळू विरत जातं, त्याची पहिली रेघ कागदावर उमटलेली होती. १९५६ च्या एका लेखात त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी तो कागद टाकून दिला नाही.

वाचायला पैसे नाहीत ही अडचण या क्षेत्रात फारशी येत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही नियतकालिकांचे २०१२ पर्यंतचे अंक पबमेड सेंट्रलवर मोफत आहेत. भारतीय प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात. कूपर, हेरॉन आणि हेवर्ड यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक महाग आहे. चौघींनी मिळून घ्या आणि आठवड्याला एक प्रकरण एकत्र वाचा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने, जिचं आजचं नाव एनआयईपीआयडी, १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनमूल्यांकनाची मोजपट्टी तयार केली होती. तीही अभ्यासा. या संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे.

आता मला सर्वात जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू द्या, तो म्हणजे मराठी. स्किनर यांनी १९५७ मध्ये ‘व्हर्बल बिहेवियर’ लिहिलं. त्यात मागणं आणि नाव सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. पाण्याचं चित्र बघून ‘पाणी’ म्हणणारं मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणेलच असं नाही, दोन्ही वेगवेगळं शिकवावं लागू शकतं. त्यावर आधारलेली, आज सगळीकडे वापरली जाणारी मूल्यमापनाची साधनं इंग्रजीत घडली. आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरतात, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘ॲपल’, ‘गिव्ह मी’ शिकवतात. मूल आजीला काही मागू शकत नाही. हे थांबायला हवं. मुलाला घराची भाषा शिकवा.

पण मराठी म्हणजे इंग्रजी शब्दांचं भाषांतर नव्हे. मागायला शिकवताना ‘हवं’ घ्यायचं की ‘पाहिजे’? चेंडू हवा, वाटी हवी, पाणी हवं. दर शब्दाला रूप बदलतं. ‘पाहिजे’ मात्र तसंच राहतं: चेंडू पाहिजे, वाटी पाहिजे, पाणी पाहिजे. नव्याने बोलू लागलेल्या मुलासाठी मी ‘पाहिजे’पासून सुरुवात करते. माझा अनुभव त्या बाजूचा आहे, पण अनुभव म्हणजे पुरावा नाही. कुणीतरी हे नीट मोजून दाखवायला हवं.

प्रबंधासाठी आणखी एक विषय देते, हवा तर उचला. चेंडू, वाटी, ताट ही तीन लिंगांची तीन नामं घ्या. मोठा, काळा, ओला ही तीन विशेषणं घ्या. नऊ जोड्या होतात. त्यातल्या तीनच शिकवा: मोठा चेंडू, काळी वाटी, ओलं ताट. उरलेल्या सहा, मोठी वाटी, काळं ताट, ओला चेंडू वगैरे, न शिकवता तपासा. मुलाने ‘मोठा वाटी’ म्हटलं तर त्याला शब्द जोडता येतात, लिंग जुळवता येत नाही. शेजारी ‘लाल’सारखं न बदलणारं विशेषण ठेवा आणि तुलना करा. अशी चौकट वापरून इंग्रजीत अभ्यास झाले आहेत, पण इंग्रजीत विशेषण बदलतच नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. तो आपणच सोडवायचा आहे.

या क्षेत्रात येताना त्यावरची टीकाही ऐकून घ्या, आणि मनापासून ऐका. १९८७ मध्ये लोव्हास यांनी स्वमग्न मुलांसाठीच्या, आठवड्याला चाळीस तासांच्या थेरपीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९ पैकी ९ मुलं सर्वसामान्य मुलांसारखी शिकू लागली, असं त्यात म्हटलं होतं. त्या निष्कर्षामुळे जगभर आशा पसरली. पण त्या अभ्यासातली मुलं गटांत चिठ्ठ्या टाकून विभागलेली नव्हती, आणि त्या काळच्या उपचारात चापट मारण्यासारख्या शिक्षाही होत्या. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा सघन कार्यक्रमांवरचे पाच अभ्यास, २१९ मुलं तपासली, आणि काही मुलांना फायदा होतो याला पुरावा आहे पण तो कमकुवत आहे, असं निघालं. थेरपीतून गेलेली स्वमग्न मुलं आज मोठी झाली आहेत आणि सांगताहेत की हात फडफडवू नको, डोळ्यांत बघ, असं वर्षानुवर्षं ऐकून त्यांना स्वतःला लपवायला शिकवलं गेलं. शिकाऊ असताना एका केंद्रात मी एका मुलीचे हात तिच्या मांडीवर दाबून धरलेले पाहिले, ती रडत होती. मी काहीच बोलले नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

म्हणून उद्दिष्ट लिहिताना स्वतःला विचारा, हे कुणासाठी? रस्ता ओलांडणं, दुखतंय ते सांगणं, ‘नको’ म्हणणं, हे मुलाचं उद्दिष्ट आहे. चारचौघांत वेगळं दिसू नये, हे बहुधा मोठ्यांचं आहे. बोलता न येणारं मूलही आपला नकार दाखवतं: मान वळवतं, खुर्चीवरून उतरतं, आपला हात ढकलतं. तो नकार मोजा आणि माना. एखादा कार्यक्रम सुरू केला की मुलगा दाराकडे जात असेल, तर कार्यक्रम बदला. २०२२ पासून अमेरिकेतल्या मंडळाची नवी नीतिसंहिता लागू आहे. करुणा, सन्मान आणि आदर हे तिच्या मूळ तत्त्वांतच आहेत. भारतात तुम्हाला ती बंधनकारक नसेल, तरी वाचा.

ज्यांना मुलांसोबत काम करायचं नाही, त्यांच्यासाठीही हे शास्त्र खुलं आहे. कारखान्यातली सुरक्षितता, खेळाडूंचं प्रशिक्षण, प्राण्यांना शिकवणं, सगळीकडे ते वापरतात. टांझानियात अपोपो ही संस्था मोठ्या उंदरांना वासावरून भूसुरुंग आणि क्षयरोगाचे नमुने ओळखायला शिकवते. तिथेही बरोबर ओळखलं की क्लिक आणि खाऊ, हीच पद्धत आहे.

या आठवड्यात एवढं करून बघा. घरातलं, वर्गातलं किंवा स्वतःचं एकच वागणं निवडा. त्याची अशी व्याख्या लिहा की शेजारीण वाचून तेच मोजू शकेल. पाच दिवस तीन रकान्यांचा कागद भरा, काहीही बदलायला जाऊ नका. मग तो कागद तुम्हाला शिकवू शकेल अशा माणसाकडे घेऊन जा आणि त्याच्याकडून खोडून घ्या. मराठी घरांतल्या मुलांसोबत रोज काम करणाऱ्या कितीतरी जणींच्या वह्यांत अशा नोंदी पडून आहेत. पुढचं काम हाती घ्याल तेव्हा परवानग्या आधी घ्या, आलेख काढा, आणि जे सापडेल ते मराठीत लिहा.